डोंगरात चार दिवस: बागलाण आणि सातपुड्यातल्या चालीची आखणी

धुळे, जळगाव, नंदुरबारहून डोंगरात निघणाऱ्या बऱ्याच गटांची आखणी उलटी होते. आधी गडांची यादी ठरते, मग सुट्ट्या, मग गाडी. पाण्याचा विचार होतो तो निघायच्या आदल्या रात्री, बाटल्या भरताना. एका दिवसाच्या चढाईत हे खपून जातं. चार दिवसांच्या चालीत दुसऱ्या दुपारीच ते अंगाशी येतं, आणि तेव्हा गाव दोन-तीन तास खाली असतं.

म्हणून इथे क्रम बदलून सांगतो आहे. नमुना म्हणून बागलाणातल्या, म्हणजे सटाणा भागातल्या, सेलबारी-डोलबारी रांगेतली मुल्हेर ते साल्हेर ही चार दिवसांची चाल घेतली आहे. जिल्हा नाशिकचा असला तरी बोली अहिराणी आहे आणि धुळ्या-साक्रीकडच्यांना पिंपळनेर-ताहाराबादवरून हीच रांग जवळची. सातपुड्यात काय बदलायचं, ते पुढे वेगळं दिलं आहे.

१. आधी महिना, मग तारीख

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पहिल्यांदाच लांब चाल करणाऱ्या गटाने या खिडकीबाहेर जाऊ नये.

सप्टेंबर-ऑक्टोबरात डोंगर हिरवा असतो, पाणी मुबलक असतं, पण गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. पायवाट त्यात बुडते, दगडांमधली फट दिसत नाही आणि कातळावरचं शेवाळ अजून सुकलेलं नसतं. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा पडतात, तेव्हा उघड्या धारेवर असणं धोक्याचं. फेब्रुवारी संपता संपता उलटी अडचण सुरू होते. कातळात खोदलेल्या टाक्यांतलं पाणी खाली जातं, वाळलेलं गवत वणव्याला तयार होतं आणि अकरा वाजल्यापासून काळा कातळ तापतो. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत अनेक दिवसांच्या चालीचा विचारच करू नका.

थंडी मात्र हलकी समजू नका. थंडीच्या लाटेत धुळ्यात पारा दहा अंशांच्या खाली येतो. गडमाथ्यावर वाऱ्यात रात्र काढायची तर झोपण्याची पिशवी आणि डोकं-कान झाकणारी टोपी लागणारच. एका शालीवर भागत नाही.

२. पाण्याचा नकाशा

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. कोरा कागद घ्या आणि गडांची नावं लिहायच्या आधी पाण्याच्या जागा लिहा. गावातली विहीर वा हापसा, माचीवरचं (माथ्याखालच्या सपाटीवरचं) तळं, कोरीव टाकं, वाटेतला झरा. प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी हव्यात: पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, पिण्याजोगं आहे की फक्त भांडी धुण्यापुरतं, आणि ही माहिती कोणी, कधी दिली.

तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत आणि चूक तिथेच होते. “गडावर बारमाही टाकं आहे” हे वाक्य एकाकडून दुसऱ्याकडे वर्षानुवर्षं फिरत राहतं. मधल्या काळात त्या टाक्यात गाळ भरतो, कडेची भिंत ढासळते, एखादं जनावर पडून मरतं. चालू मोसमात, महिन्याभराच्या आत प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचा शब्द धरा. बाकी सगळ्या पाण्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

गावात फोन करून विचारताना प्रश्न नीट घाला. “वर पाणी आहे का?” असं विचारलं की “आहे ना” हेच उत्तर येतं, कारण पाहुण्याला नाही म्हणणं जिवावर येतं. त्याऐवजी विचारा, “हल्ली गुरं पाण्याला कुठे नेता?” गुराख्याचं उत्तर खरं असतं. त्याला रोज त्याच पाण्यावर जायचं असतं. वाटेचंही तसंच. “ही वाट गडावर जाते ना?” याला होकारच मिळेल. “गडावर कोणती वाट जाते?” असं विचारलं तर समोरचा हात वर करून दिशा दाखवतो. अंतर विचारलं तर “आठेच शे, भाऊ” (इथेच आहे, भाऊ) ऐकायला मिळेल. ते त्यांच्या पायांचं अंतर आहे. त्यांना किती वेळ लागतो ते विचारा आणि पाठीवर ओझं असलेल्या गटासाठी दुप्पट धरा.

आता हिशेब. थंडीत चालत्या दिवसाला माणशी चार लिटर पिण्यासाठी, वर दीड लिटर स्वयंपाक आणि चहासाठी. पुढचं पाणी खात्रीचं असेल तर तीन लिटर घेऊन निघा. खात्री नसेल तर पाच. पाच लिटर म्हणजे पाच किलो, आणि ते ओझं बाकीचं सामान ठरवण्याआधी मोजलेलं असलं पाहिजे.

टाक्यातलं पाणी आधी दुपदरी सुती फडक्यातून गाळा, मग खळखळून उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. तुरटी फिरवली की पाणी नितळ दिसतं आणि लोक निर्धास्त होतात. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

*तपासणी: प्रत्येक मुक्कामाच्या नावाखाली पाण्याची एक खात्रीची आणि एक पर्यायी जागा लिहिली आहे का? पर्यायी जागा नसेल तर तो मुक्काम बदला. गड कितीही देखणा असो.*

३. दिवस उजेडावर मोजा

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. म्हणजे अकरा तासही पुरते नाहीत. त्यातला शेवटचा दीड तास मुक्कामाची जागा झाडणं, पाणी आणणं आणि स्वयंपाक यात जातो. सकाळची आवराआवर आणि जेवण वजा जाता चालायला हाताशी साधारण आठ तास राहतात, आणि आखणी सहा तासांचीच करावी. उरलेले दोन तास वाट चुकण्याचे, पायाला फोड येण्याचे, कोणाचं तरी पोट बिघडण्याचे.

किलोमीटरवर विसंबू नका. या डोंगरात दोन किलोमीटरला कधी अर्धा तास लागतो, कधी अर्धा दिवस. मी धरतो तो ढोबळ हिशेब असा: ओझ्यासह सपाटीला ताशी तीन किलोमीटर, त्यात दर शंभर मीटर चढाला वीस मिनिटं वाढवायची, आणि दर तासाला दहा मिनिटं विसावा. चार किलोमीटर चाल आणि सातशे मीटर चढ असेल तर चालीची ८० मिनिटं, चढाची १४०, विसाव्याची सुमारे ४०. झाले सव्वाचार तास. गट सहाहून मोठा असेल तर आणखी अर्धा तास.

उतरणीला वेळ कमी लागेल असं जवळपास सगळेच धरतात. मातीच्या चांगल्या वाटेवर ते खरं. घसाऱ्याच्या, मुरमाड उतारावर मात्र चढाइतकाच वेळ धरा. गुडघे थकलेले असतात, पाऊल सरकतं आणि एकेकाला सोडावं लागतं.

नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे पत्रक वापरा. त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या दर वीस मीटरला असतात. जुन्या क्रमांकानुसार साल्हेरचा भाग ४६ एच मध्ये येतो आणि तोरणमाळचा ४६ के मध्ये. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा आहे, मग मोबाइलवरची आखलेली वाट काहीही म्हणो. मोबाइलमध्ये दुसऱ्याने नोंदवलेली वाट उतरवून घेणं चांगलं, पण ती कोणत्या महिन्यातली आहे ते पाहा, आणि एकाच वाटेच्या दोन वेगळ्या नोंदी जुळवून पाहा. पाण्याच्या शोधात किंवा चुकून कड्यापर्यंत जाऊन परतलेल्या माणसाची येरझारही त्या रेषेत असते.

४. नमुना: मुल्हेर ते साल्हेर

*आदली संध्याकाळ.* ताहाराबादमार्गे मुल्हेर आणि तिथून पायथ्याची मुल्हेरवाडी. उजेडात पोचा. वाटाड्याशी बोलणं, पाण्याची ताजी खबर आणि दुसऱ्या दिवशीची निघायची वेळ इथेच पक्की होते.

*पहिला दिवस.* मुल्हेरच्या माचीवर चढाई. माचीवर गणेश मंदिर, सोमेश्वराचं देऊळ आणि तळं आहे, म्हणून मुक्काम माचीवरच ठेवायचा. ओझं तिथे ठेवून बालेकिल्ला आणि शेजारचा मोरागड करून परत यायचं. पूर्ण ओझं घेऊन बालेकिल्ल्यावर चढणं आणि तिथे “उघड्यावर झोपू” म्हणणं ही नेहमीची चूक. वारा, थंडी आणि पाण्यासाठी पुन्हा खाली फेरी, तिन्ही पदरात पडतं.

*दुसरा दिवस.* सकाळी मुल्हेरशेजारचा हरगड. पाणी माचीवरूनच भरून घ्या, वरच्या पाण्याचा भरवसा धरू नका. वाट मोडलेली आणि घसाऱ्याची आहे, माणसांची ये-जाही कमी, म्हणून वाटाड्याशिवाय जाऊ नका. साडेअकरा ही परत फिरण्याची वेळ ठरवा. माथा दहा मिनिटांवर असला तरी फिरायचंच. दुपारी मुल्हेरवाडीत उतरून गाडीने साल्हेरच्या पायथ्याचं वाघांबे गाठा. “सगळं पायीच करायचं” म्हणून हा टप्पा डांबरी रस्त्याने तुडवणारे गट भेटतात. तळपायाला फोड येतात आणि तिसऱ्या दिवशी साल्हेरच्या चढावर तेच नडतात. गाडी करा, लवकर जेवा, झोपा.

*तिसरा दिवस.* हा चालीचा गाभा. साल्हेर १,५६७ मीटर उंच आहे. राज्यातला सर्वात उंच गड आणि कळसूबाईखालोखालचं दुसरं उंच शिखर. वाघांब्यातून उजाडतानाच निघा, म्हणजे उन्हं चढायच्या आत साल्हेर आणि शेजारच्या सालोटा गडाच्या मधल्या खिंडीत पोचता येतं. सालोटा करायचा असेल तर इथूनच, रिकाम्या पाठीने, पाणी आणि दुपारचा डबा घेऊन. पिशव्यांपाशी एक माणूस ठेवा, नाहीतर माकडं शिध्याची वाट लावतात. सालोट्याच्या वाटेवर उघडा कातळ आणि खोदीव पायऱ्या आहेत. ज्याचे पाय लटपटतात त्याने खिंडीत थांबावं, आणि त्याला थांबू द्यावं. नंतर साल्हेरची खोदीव वाट, दरवाजे आणि माथ्याखालच्या गुहा. जवळच गंगासागर तलाव आणि टाकी आहेत. दुपारी तीनपर्यंत गुहेत पोचलात तर आखणी बरोबर होती. साडेचारच्या पुढे गेलात तर सालोटा सोडायला हवा होता.

*चौथा दिवस.* पहाटे परशुराम मंदिरापर्यंत जाऊन या आणि साल्हेरवाडीच्या बाजूने उतरा. गाडी साल्हेरवाडीत बोलवा. ती वाघांब्यात उभी असणं आणि गट साल्हेरवाडीत उतरणं हा घोटाळा वारंवार होतो, तेव्हा चालकाला गावाचं नाव लिहून द्या.

मांगी-तुंगी या यादीत मुद्दाम घेतलेली नाही. एखादा दिवस पावसाने किंवा आजारपणाने गेला तर हरगड गाळून तिकडे वळता येतं. पायऱ्यांची वाट आहे, खाली राहायची सोय आहे.

इशारा: चार दिवसांत पाच गड “उरकायचे” असा हिशेब असेल तर एक गड आत्ताच, घरी बसून कमी करा. डोंगरावर तो निर्णय कोणी घेत नाही.

५. परवानगी, मुक्काम, वाटाड्या

गड ज्या वनपरिक्षेत्रात येतो तिथल्या कार्यालयात मुक्कामाबद्दल आधी विचारा. साल्हेर २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला आहे. त्यामुळे गुहेतला मुक्काम, चूल, मोठे गट यांबाबत जुन्या माहितीवर जाऊ नका. मुक्काम नाकारला गेला तर वाघांबे किंवा साल्हेरवाडीत राहून गड एका दिवसात होतो, ती आखणीही लिहून ठेवा.

यावल, अनेर आणि गौताळा-औट्रम घाट ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे तिथे परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि आग पेटवणं गुन्हा आहे. राखीव जंगलातही भारतीय वन अधिनियम १९२७ खाली तीच मनाई आहे. “आम्ही छोटीशीच शेकोटी केली होती” हे उत्तर चालत नाही, आणि चालूही नये. वाळल्या गवतात एका ठिणगीने अख्खा डोंगर जळतो, त्यात गावाच्या गुरांचा वर्षाचा चारा जातो.

वाटाड्या गावातलाच घ्या. मजुरी, जेवण, मुक्काम आणि परतीचं भाडं निघायच्या आधी मोकळेपणाने ठरवा. त्याला पाणी आणि डबा तुमच्याइतकाच लागतो, म्हणजे शिधा मोजताना एक माणूस जास्त धरा. तो “इथून नको” म्हणाला तर वाद घालू नका. गावच्या पोलीस पाटलाला गटाची नावं, फोन आणि परतीचा दिवस कळवून ठेवा. एक प्रत घरी.

६. गट

चारपेक्षा कमी नको, आठपेक्षा जास्त नको. चार का? एकाला लागलं तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि दोघे मदतीला जातात. एकट्याला कधीही खाली धाडू नये.

सर्वात पुढे वाट ओळखणारा, सर्वात मागे अनुभवी आणि शांत माणूस. औषधांची पिशवी मागच्याकडे असते, कारण ज्याला लागतं तो बहुधा मागेच पडलेला असतो. चाल सर्वात सावकाश चालणाऱ्याच्या पायांनी ठरते. पुढचे लोक वाट बघत बसतात आणि मागचा पोचताच उठून चालू लागतात, म्हणजे ज्याला विसावा सर्वात जास्त हवा त्यालाच तो मिळत नाही. मागचा माणूस पोचल्यावर पाच मिनिटं घड्याळात मोजा, मग उठा.

दमा, मधुमेह, रक्तदाब, जुनं गुडघ्याचं दुखणं आधी सांगायला लावा. कोणाला कोणती गोळी चालत नाही तेही लिहून घ्या. लाजेखातर लपवलेला दमा चढावर सगळ्या गटाला भोवतो.

७. आठ आठवड्यांची तयारी

रोज मैदानावर फेऱ्या मारून डोंगर चढता येत नाही. पाय तयार होतात ते चढ-उतारावर, पाठीवर ओझं घेऊन.

पहिले तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस पाऊण तास भरभर चाल आणि जिने. चौथ्या आठवड्यापासून दर रविवारी डोंगर. धुळेकरांना मुंबई-आग्रा महामार्गालगतचा लळिंग हाताशी आहे, चाळीसगावकडच्यांना पाटणादेवीजवळचा कन्हेरगड. पहिल्या रविवारी चार किलो, मग सहा, मग आठ, दहा. सातव्या आठवड्यात लागोपाठ दोन दिवस चढा. पहिल्या दिवशी सगळेच बरे असतात, खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी असते. शेवटच्या आठवड्यात हलकं चाला आणि झोप भरून घ्या.

उतरण्याचा सराव वेगळा करावा लागतो. गुडघा किंचित वाकवून, लहान पावलं टाकत, पूर्ण तळवा टेकवून. टाच रोवत धावत उतरणाऱ्याचे गुडघे तिसऱ्या दिवशी संप पुकारतात.

*तपासणी: दहा किलो ओझं घेऊन दोन दिवस चढून आल्यावर सोमवारी जिना उतरता येतो का? येत नसेल तर तारीख पुढे ढकला.*

८. ओझं आणि शिधा

पाण्यासकट ओझं शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत. साठ किलोच्या माणसाला बारा किलो. त्याच्या पुढे गेलं की सामान काढा, पाणी काढू नका.

बूट किमान महिनाभर वापरलेले हवेत. दोन जोड जाड मोजे, घोट्यावर बांधायला कापडी पट्टा. नोव्हेंबरात कुसळी गवताची कुसळं मोज्यात घुसून चालणं अशक्य करतात. डोक्याचा दिवा प्रत्येकाचा वेगळा. मोबाइलची विजेरी मोजू नका, हात मोकळे लागतात. शिट्टी गळ्यात. कातळटप्प्यासाठी दोर न्यायचा तर तो वापरता येणारा माणूस बरोबर हवा. नाहीतर तो नुसता वजन वाढवतो आणि खोटा धीर देतो.

शिध्यात आपल्या घरचं बरंच कामाला येतं. दूध-गुळाच्या दशम्या दोन दिवस चांगल्या राहतात, शेंगदाण्याची कोरडी चटणी त्यांच्याबरोबर. पहिल्या दिवशी कळण्याची भाकरी आणि भरीत चालेल, पण भरीत दुपारीच संपवा, रात्रीवर ठेवू नका. नंतर खिचडी: माणशी पाऊण वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, भाजलेला मसाला पुडीत. चालता चालता खायला शेंगदाणे, गूळ, फुटाणे, खजूर. दर दीड तासाला मूठभर. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

ठेचा, शेव, पापड यांचा मोह आवरा. मीठ-तिखटाने तहान वाढते, आणि ज्या दिवशी पाणी मोजून प्यायचं त्या दिवशी ते महागात पडतं. स्वयंपाकाला गॅसची छोटी शेगडी न्या. सरपण तोडायचं नाही.

९. वाटेवर

निघताना, दर तासाला आणि फाटा लागेल तिथे माणसं मोजा. फाट्यावर पुढच्याने थांबायचं, मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. वाट चुकण्याची सुरुवात जवळपास नेहमी ढोरवाटेने होते. ती रुंद, मळलेली, मोहात पाडणारी असते आणि झुडपात किंवा पाणवठ्यावर संपते. पंधरा मिनिटांत खाणाखुणा जुळल्या नाहीत तर शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत परत या. “खाली गाव दिसतंय, सरळ उतरू” म्हणून नाळेत (कड्यांमधल्या अरुंद, उभ्या घळीत) शिरणं ही या रांगांमधली सर्वात घातक चूक आहे. नाळ वरून सोपी दिसते आणि मध्येच कडा लागतो. तिथून ना चढता येतं, ना उतरता येतं.

घसाऱ्यावर एकाखाली एक चालू नका. दगड सुटला तर “दगड!” अशी मोठ्याने हाक द्या. कातळटप्प्यावर एका वेळी एकच माणूस.

मोबाइल विमान-स्थितीत ठेवा, रात्री उबेत. नेटवर्क मिळेलच असं धरून काहीही आखू नका.

१०. दुखापत, साप, मोहळ

*ऊन.* डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे आले की सावलीत बसवा, पाणी आणि क्षारसंजीवनी (ओआरएस) द्या. एक पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, लहान बाटलीत नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात आहे. अंगावर पाणी ओता, वारा घाला, शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालू नका, आणि खाली हलवा.

*साप.* नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही प्रमुख विषारी साप आपल्याकडे आहेत. फुरसं तापलेल्या दगडगोट्यांत असतं, म्हणून हात टाकायच्या आधी कपारीत बघा. चावा झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी, कडं काढा, तो अवयव काठीच्या आधाराने स्थिर करा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. औषध एकच, प्रतिविष, आणि ते दवाखान्यात मिळतं. निघायच्या आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला फोन करून प्रतिविषाचा साठा विचारून ठेवा. सटाणा, पिंपळनेर, धडगाव यांपैकी तुमच्या वाटेला जवळचं कोणतं ते कागदावर लिहा. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आणीबाणीला ११२.

*मोहळ.* कड्याला आग्या मोहळ लटकलेलं दिसलं की आवाज बंद, अत्तर-फवारे बंद, धूर तर नाहीच. मोहळ उठलं तर डोकं-तोंड कापडाने झाकून दूर पळा, पण कड्याच्या दिशेने पळू नका. धावायची दिशा म्हणूनच आधी बघून ठेवायची असते.

११. सातपुड्यात काय बदलतं

अक्राणीचा डोंगर, म्हणजे धडगाव, तोरणमाळ, अस्तंभा हा परिसर, बागलाणपेक्षा वेगळ्या रीतीने आखावा लागतो. मुक्काम पाड्यांवर पडतात आणि पाणी झिऱ्या-ओहोळांचं. म्हणजे इथे पाण्याचा नकाशा हाच पाड्यांचा नकाशा. पाण्याशेजारी माणूस असणारच. झिऱ्यावर बायका पाणी भरत असतील तर थांबा, त्यांचं झाल्यावर भरा. त्याच पाण्यात साबण लावणं तर दूरच.

तारीख ठरवताना तिथलं पंचांग बघा. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंभ्याची यात्रा असते, डोंगर माणसांनी भरलेला असतो. तेव्हा जायचं तर यात्रेकरू म्हणूनच जा. दिवाळीनंतर अनेक पाड्यांतली तरणी माणसं ऊसतोडीला गुजरातकडे जातात. वाटाड्या आधी ठरवला नसेल तर मिळणार नाही. होळीच्या आठवड्यात कोणाला वाटाड्या म्हणून मागूच नका. तो त्यांचा वर्षाचा सर्वात मोठा सण. आठवडे बाजाराचा दिवस मात्र फायद्याचा. गाड्या मिळतात, शिधा मिळतो, लांबच्या पाड्यांची माणसं एका जागी भेटतात.

भाषा भिलोरी किंवा पावरी. मराठी कळणारा स्थानिक सोबती घ्या आणि पाड्यात शिरताना तोच पुढे असू द्या. घरांचे, बायकांचे, मुलांचे फोटो न विचारता काढू नका. मार्च-एप्रिलात मोहफुलं पडतात तेव्हा अस्वलं पहाटे झाडाखाली येतात, म्हणून त्या दिवसांत अंधारात चालायचं नाही.

आणि इथे सुटकेची वाट दर दिवशी लिहायची. कोणत्या पाड्यापासून गाडीरस्ता किती तासांवर, तिथे जीप केव्हा मिळते. बागलाणात खाली उतरलं की गाव आणि रस्ता लागतो. सातपुड्यात खाली उतरलं की पुढची दरी लागू शकते.

१२. उतरल्यावर

पोलीस पाटलाला आणि घरी “सगळे उतरलो” हा फोन गावातूनच करा, घरी पोचून नाही. वाटाड्याचे पैसे तिथेच, ठरल्यापेक्षा कमी न करता. कचरा मोजून परत आणा. प्लॅस्टिकची वेष्टनं निघताना मोजली असतील तर कोणती गळली ते कळतं.

मग कागद काढा. कोणत्या टाक्यात, कोणत्या तारखेला, किती पाणी होतं, प्यायलात का, पोट ठीक राहिलं का. कुठे वाट मोडली होती, कोणत्या टप्प्याला ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लागला. हे दोन दिवसांच्या आत लिहा आणि पुढच्या महिन्यात जो गट निघणार असेल त्याला पाठवा.